यादीतली रेघ

औरंगाबाद, १८ एप्रिल २०१६

प्रिय ऋतुराज,

फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून शेवटी मेल लिहायला बसले. सावकाश वाच, पण वाच.

दुष्काळानं सगळ्यांची कामं बुडवली आणि माझ्या दुकानाचं काम वाढवलं. सांगायलाही बरं वाटत नाय. आपण लहानपणी चिकलठाण्याच्या पलीकडं जिथं बोरं वेचायला जायचो, तिथं आता नुसत्या बिल्डरांच्या स्कीमा उभ्या राहिल्यात. फ्लॅट विकले गेले, माणसं राहायला आली, आणि नळाला पाणी नाय. सगळं टँकरवर. तिथल्या सगळ्या वसाहतींनी मिळून एक रहिवासी संघ केलाय. पुंजाराम अण्णा त्याचे अध्यक्ष. कुठल्या वसाहतीत कोणत्या वारी, किती वाजता टँकर येणार, याचे फ्लेक्स ते माझ्याकडून करून घेतात. विहिरी आटतील तशा वेळा बदलतात, की पुन्हा नवे फ्लेक्स.

तू दिवाळीत लिहून दिलेला तो छोटा प्रोग्राम, ती स्क्रिप्ट, त्यासाठी देवासारखी धावून आली. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी उघडायची, यादीतून वसाहत निवडायची, की नाव, वार, वेळ आपोआप फ्लेक्सवर बसतात. अंबिका हे काम करते. अंबिका म्हणजे हर्सूलला पूजा सांगतात त्या वैजनाथ गुरुजींची मुलगी. दोन वर्षं झाली माझ्याकडं. शांत पोरगी, हात लई साफ.

पण सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि तुझ्या खिडकीत नावांच्या जागी चौकोन दिसायला लागले. अंबिकाने कॉम्प्युटर बंद-चालू केला, फाँट परत टाकला, काही फरक नाय. आणखी एक. यादी लई लांब झालीय. जुन्या वसाहती वर आणि नव्या खाली, मध्ये काहीतरी खूण, असं करता येईल का?

मामा परवा दुकानावर आले होते. गिऱ्हाइकांसमोर तासभर लेकाचंच कौतुक चाललं होतं.

तुझी,
मंजूताई


पुणे, २० एप्रिल २०१६

प्रिय मंजूताई,

चौकोन गेले. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती खिडकीसाठी स्वतःचाच फाँट वापरते आणि त्याला देवनागरी येत नाही. मी खिडकीला मराठी फाँट बांधून दिलाय. सोबतची फाइल जुनीच्या जागी ठेव, सॉफ्टवेअर बंद करून उघड, बस.

तुझी खूणही केली. जुन्या आणि नव्या वसाहतींच्या मध्ये एक आडवी रेघ दिसेल. ती नुसती दाखवायला आहे, तिच्यावर क्लिक होत नाही. आता अंबिका डोळे मिटून निवडेल. चूक व्हायला जागाच ठेवली नाही.

तपासत बसू नकोस, मी इथं चालवून पाहिलंय. थेट कामाला लाव.

सध्या माझी फार धावपळ आहे. आमच्या टीमचा प्रमुख बदलतोय आणि त्या जागेसाठी माझं नाव चाललंय. आप्पांना आत्ताच सांगू नकोस, ते पेढे वाटतील.

तुझा,
ऋतू


औरंगाबाद, २ मे २०१६

प्रिय ऋतुराज,

फार वाईट झालंय. पहिल्यापासून सांगते.

तुझी फाइल लावली, अंबिकाने सगळे फ्लेक्स काढले, मी सही केली, पोरांनी जाऊन बांधले. जुन्या वसाहतींत सगळं ठीक. नव्या वसाहतींत वेळा चुकल्या. रेणुका विहारचा टँकर मंगळवारी सकाळी होता, फ्लेक्सवर आला गुरुवार दुपार. मंगळवारी टँकर आला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, एक माणूस खाली आला नाय. कोण येणार? निम्मे कामावर, आणि घरी होते त्यांना वाटलं, हा आपला टँकर नाय. त्यानं पुढच्या वसाहतीत पाणी ओतलं आणि गेला. गुरुवारी बायाबापड्या रजा काढून दुपारच्या उन्हात ड्रम मांडून बसल्या, तर टँकरच नाय. मग दोन वसाहतींत भांडण. "तुम्ही आमचं पाणी चोरलं," इथपर्यंत.

तिथं भागूबाई म्हणून एक म्हातारी राहते. मुलगा वाळूजला कंपनीत, सून धुण्याभांड्याला, पाण्याचं काम म्हातारीकडं. घरातलं पाणी संपलं म्हणून ती कळशी घेऊन मागच्या खदानीत उतरली आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. घाटी दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी बघायला गेले होते. मला ओळखत नाय, तरी म्हणाली, "बस की बाई, उभी का?"

अंबिका म्हणते, मी बरोबर वसाहतच निवडली होती. खरं तर फ्लेक्सवर नावं सगळी बरोबर आहेत, वारवेळ तेवढी दुसऱ्याची. ती असंही म्हणते, की यादीतल्या अगदी शेवटच्या वसाहतीची वेळ कोरीच येत होती, म्हणून तिनं ती हातानं टाकली. नव्यांतली ती एकच बरोबर आहे. मला यातलं काही कळत नाय.

रविवारी संघाची बैठक आहे. लोक लई चिडलेत. मला तिथं जाऊन सांगावं लागणार, चूक कुणाची. तू मला खरं सांग. तुझी खिडकी चुकू शकते का? आधी बघ आणि मग सांग.

मंजूताई


पुणे, ३ मे २०१६

प्रिय ताई,

वाचून वाईट वाटलं. आजींना बरं वाटू दे.

स्क्रिप्ट पाहिली. ठीक आहे. यंत्र स्वतःच्या मनानं काही करत नाही गं, सांगू तेवढंच करतं. जुन्या वसाहतींचं सगळं बरोबर आलं ना? मग स्क्रिप्ट बरोबर आहे. अर्धी यादी बरोबर आणि अर्धी चूक, असं प्रोग्राम करत नाही, कंटाळलेला माणूस करतो. संध्याकाळच्या घाईत निवडताना खालीवर झालं असेल. आणि एकदा हातानं वेळ टाकली म्हणतेस, म्हणजे तिनं मध्ये हात घातलाच होता.

पोरीला फार बोलू नकोस. होतं असं.

घाईत,
ऋतू


पुणे, ७ मे २०१६

ताई,

सोबत स्क्रिप्टची नवी फाइल पाठवतोय. विशेष काही नाही, खिडकी जरा सुटसुटीत केलीय. सगळ्या कॉम्प्युटरवर हीच ठेव आणि जुनी फाइल पुसून टाक. दोन फायली असल्या की गोंधळ होतो.

उद्या बैठक आहे ना? जमलं तर पुढं ढकल. लोक जरा थंड होऊ देत.

ऋतू


औरंगाबाद, १२ मे २०१६

प्रिय ऋतुराज,

माझ्या कॉम्प्युटरवर नवी फाइल लावली. एवढ्या धावपळीत तू आमची आठवण ठेवलीस, बरं वाटलं. जुनी पुसते सवडीनं.

बैठक पुढं ढकलता आली नाय. पुंजाराम अण्णांच्या गच्चीवर मंडप टाकला होता. मी अंबिकाला बरोबर नेलं. मी म्हणाले, "माझ्या दुकानातून चूक झाली. प्रोग्राम इंजिनियरनं तपासलाय, तो बरोबर आहे. चूक आमच्या ऑपरेटरची." सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. भागूबाईचा मुलगा पुढं आला. म्हणाला, "माझी माय जन्माची लंगडी झाली. तू मोबाइल बघत व्हतीस का?"

अंबिका म्हणाली, "मी बरोबरच निवडलं होतं."

एक बाई ओरडली, "वरून खोटं बोलती!"

मग अण्णांनी सांगितलं, माफी माग, विषय संपव. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "माग गं, संपव." तिनं हात जोडले. त्या पायऱ्या उतरून ती जी गेली, ती दुकानात आली नाय. तिची पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी टेबलावर तशीच आहे.

मला झोप लागत नाय. पण तुझा शब्द होता, म्हणून मी ठाम बोलू शकले. नाहीतर संघाचं काम गेलं असतं आणि दुकानाचं नावही.

तुझ्या त्या जागेचं काय झालं?

मंजूताई


पुणे, १५ मे २०१६

प्रिय ताई,

जागा मला मिळाली. पण ते जाऊ दे.

अंबिकाला परत बोलव ना. एवढ्यावरून कुणाला काढतात का? चूक कुणाच्याही हातून होते. काही वेळा ती कुणाची, हे सांगताही येत नाही. तिला सांग, झालं गेलं विसरून जा.

भागूबाई चालू शकतील ना? डॉक्टर काय म्हणतात, ते नक्की कळव.

जुनी फाइल पुसलीस का?

ऋतू


औरंगाबाद, २९ मे २०१६

ऋतुराज,

जुनी फाइल पुसली नव्हती. अंबिकाच्या कॉम्प्युटरवर तशीच होती.

काल मी स्वतः तिच्या खुर्चीवर बसले. दुसरी मुलगी मिळेना, आणि वेळा पुन्हा बदलल्यात. मी रेणुका विहार निवडलं. फ्लेक्सवर नाव रेणुका विहार आलं आणि वेळ आली तिच्या खालच्या वसाहतीची. वाटलं, मीच चुकले. परत निवडलं. परत तेच. मग संघाचा कागद मांडीवर घेऊन एकेक नाव करत गेले. रेघेच्या वरची सगळी बरोबर. रेघेच्या खालची सगळी एकेक घर पुढं सरकलेली. आणि शेवटच्या वसाहतीला पुढं कुणी नाय, म्हणून तिची वेळ कोरी. अंबिकाने सांगितलेलं, मी तुला लिहिलेलं, अगदी तसंच.

मग तुझी नवी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवली. सगळं बरोबर. दोन्ही फायली शेजारी उघडून बघितल्या. मला प्रोग्राम येत नाय, पण वाचता येतं. खिडकी नाव घेते ते अक्षरांवरून, आणि वेळ शोधते ती यादीतला नंबर मोजून. मोजताना तुझी ती दाखवायची रेघही मोजते. नव्या फाइलमध्ये तू रेघेचा एक वजा केलायस. बाकी एक अक्षर बदललेलं नाय. "सुटसुटीत" कुठं केलीयस, ते मला दिसलं नाय.

म्हणजे सात तारखेला तुला माहीत होतं. बैठक आठ तारखेला होती.

मी त्या पोरीला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, ऋतू. तुझ्या शब्दावर, पण माझ्या तोंडानं. सही करताना मी कागद लावून बघितला नाय. भाऊ म्हणाला तपासू नकोस, मी तपासलं नाय. माझा दोष तुझ्यावर ढकलत नाय. पण तुझा तू उचल.

मंजुषा


पुणे, ३० मे २०१६

ताई,

हो. माहीत होतं.

तीन तारखेला मी "पाहिली" असं लिहिलं, ते खोटं होतं. उघडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी माझी त्या जागेसाठी मुलाखत होती आणि तुझा मेल मला नसती कटकट वाटला. पाठवतानाही खरं तर तपासली नव्हती; वरची दोनतीन नावं चालवली, बरोबर आली, सोडून दिलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुमचं काम तुम्ही कसं तपासता? मी छान उत्तर दिलं. बाहेर आलो आणि तुझी ती कोरी वेळ आठवली. जागेवर येऊन फाइल उघडली. रेघ डोळ्यांसमोरच होती. शिकाऊ पोरंही करत नाहीत अशी चूक.

तेव्हाच फोन करायला हवा होता. उचलला आणि ठेवला. तीन तारखेला मी त्या पोरीला "कंटाळलेला माणूस" म्हटलं होतं, ते वाक्य कसं परत घ्यायचं, ते कळेना. वाटलं, फाइल बदलली की पुढं चूक होणार नाही, आणि मागची विसरली जाईल. भागूबाईंचं नाव मी मुद्दाम मनात येऊ देत नव्हतो.

तू सांगशील ते करतो. फक्त आप्पांना कळू देऊ नकोस. ते माझ्यामुळं मान ताठ करून चालतात गं.

हे लिहिलं आणि पुसावंसं वाटलं. पण राहू देतो. मी असा आहे, ते तुला कळू दे.

ऋतुराज


औरंगाबाद, ८ जून २०१६

ऋतुराज,

काल हर्सूलला गेले होते. तलाव पार कोरडा. तळात पोरं क्रिकेट खेळत होती.

गुरुजींनी दार उघडलं. "या, या," म्हणाले, पाणी दिलं. मला तो पेला हातात धरवेना. अंबिका आतून आली. मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाय. मी म्हणाले, "मी चुकले अंबिका. मला माफ कर आणि कामावर ये."

ती म्हणाली, "ताई, तुम्ही माफी घरात मागताय. मला गच्चीवर उभं केलं होतं."

गुरुजी म्हणाले, "जाऊ दे बाळ, आल्यात ना त्या स्वतः."

"बाबा, आपल्या गल्लीत दोन घरं रेणुका विहारवाल्यांच्या नात्यातली आहेत. तुम्हाला पूजेला बोलवायचे, आता बोलवत नाहीत. तुम्ही मला सांगितलं नाही, पण मला समजतं."

गुरुजी उठून आत गेले. मला हे काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

येत्या रविवारी बैठक बोलवायला मी अण्णांना सांगितलंय. त्याच गच्चीवर. ते म्हणाले, "मंजुषा, कशाला उकरून काढतीस? काम जाईल तुझं." मी म्हणाले, जाऊ द्या.

तू यायचंस. आणि मामांना मी काही सांगणार नाय. ते तू ठरव.

मंजूताई


पुणे, १५ जून २०१६

प्रिय ताई,

बसस्टँडवर तुझ्याशी काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी तयारी करून आलो होतो. यादी म्हणजे काय, नंबर म्हणजे काय, रेघ कशी मोजली जाते, सगळं सोप्या भाषेत. आता वाटतं, ती तयारी स्वतःला वाचवायलाच होती. माणसं समजायला लागली असती, की चूक बारीक होती, कुणाच्याही नजरेतून सुटली असती. लोक ऐकतही होते. एकदोघांनी माना हलवल्या. मला धीर आला. मी आणखी समजावायला लागलो.

तेव्हा ती मागच्या रांगेतून उठली. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "रेघेचं राहू द्या. मी खोटं बोलत नव्हते, एवढंच सांगा."

ताई, एवढं वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला, तू पाहिलंस. "अंबिका खरं बोलत होती. मी खोटं बोललो." त्यानंतर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. ती खाली बसली नाही, वळली आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्यामागून जावंसं वाटलं, पण कशाला जाणार?

भागूबाईंच्या मुलानं माझी कॉलर धरली, तेव्हा तू मध्ये पडायला नको होतंस. त्यानं सोडली ती तुझ्यामुळं नाही. खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातून त्याच्या आईनं हाक मारली म्हणून.

निघण्याआधी मी त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसलो होतो, ते तुला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तूच का तो? लेकरा, शिकला सवरला ना तू? मग म्हातारीला एक सांग. ती पोरगी म्हनत व्हती, तवा कुनी ऐकलं का नाय?" त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही, सुनेला म्हणाल्या, याला चहा दे.

घरी आप्पांना सांगितलं. सगळं. ते पेपर वाचत होते. घडी घातली, बाजूला ठेवला. मग विचारलं, "त्या पोरीचे वडील काय करतात?" मी म्हणालो, पौरोहित्य. "म्हणजे त्यांचं पोट नुसत्या नावावर चालतं," एवढंच म्हणाले. बस लागली तरी सोडायला आले नाहीत.

ऋतू


औरंगाबाद, २४ जुलै २०१६

प्रिय ऋतुराज,

दोन महिन्यांनी तुला धड पत्र लिहितेय. राग गेलाय असं नाय, पण आता लिहू शकते.

संघाचं काम गेलं नाय. अण्णाच म्हणाले, चूक लपवणाऱ्यापेक्षा सांगणारी बरी. मला त्यात काही कौतुक वाटलं नाय. आता फ्लेक्स बांधण्याआधी मी आणि संघाचा एक माणूस बसतो. तो कागद वाचतो, मी फ्लेक्स वाचते. पाऊस बरा झालाय, टँकर कमी झालेत. भागूबाई वॉकर धरून दारापर्यंत येते.

मामा एकटेच हर्सूलला जाऊन आले. मला गुरुजींकडून कळलं. घरात सत्यनारायण घालायचाय, तुम्हीच या, असं सांगितलं त्यांनी. त्यांच्या घरात आजवर सत्यनारायण कधी झाला, मला तरी आठवत नाय. गुरुजी गेले होते. गुरुजींच्या सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं होतं मामांनी, त्या दोन घरांनाही. तुझं नाव कुणी काढलं नाय, मामांनीही नाय.

अंबिका माझ्याकडं परत आली नाय. वाळूजच्या एका कारखान्यात लेबलं छापतात, तिथं लागलीय. तू तिच्यासाठी पाठवलेलं माफीचं पत्र पोचवलं होतं. तिनं घेतलं. उत्तराचं मी विचारलं नाय, तूही विचारू नकोस.

परवा सकाळी मी जालना रोडला रिक्षाची वाट बघत उभी होते. सिग्नलला कंपनीची बस थांबली. खिडकीशी अंबिका. तिनंही मला पाहिलं. मला वाटलं, आता ती तोंड फिरवेल. तिनं फिरवलं नाय. साधी बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या बाईकडं बघावं तशी.

सिग्नल सुटेपर्यंत मलाच तिच्याकडं बघवलं नाय. मीच मान खाली घातली.

तुझी,
मंजूताई